डिसेंबरच्या सुट्टीत आठ जण निघतोय (म्हणजे निघणार होतो), सल्ला हवा

वाटचुक्या | २ डिसेंबर २०२५, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. दीड वर्ष इथे वाचनमात्र आहे, आज पहिलाच धागा काढतोय. काही चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

जर्मनीत मास्टर्स करतोय, तिसरं सेमिस्टर. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण खाली एका सरकारी कार्यालयाबद्दल रडगाणं आहे आणि माझं पुढचं कार्डही तिथूनच यायचंय. आम्ही आठ जण. पाच मुलगे, तीन मुली. सात मराठी आणि एक कोट्टायमचा, ज्याला आता आमच्यापेक्षा चांगल्या मराठी शिव्या येतात. गेल्या डिसेंबरात सगळेच नवखे होतो, खिशात दमडी नव्हती, थंडीला घाबरून खोल्यांत बसलो. तेव्हाच ठरलं की पुढच्या वर्षी निघायचं. प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट. २७ डिसेंबर ते २ जानेवारी. बसची तिकिटं ऑक्टोबरात काढली (पैसे परत मिळत नाहीत), हॉस्टेलं धरली (दोन दिवस आधीपर्यंत रद्द होतात).

आता घोळ ऐका. आमच्यातल्या सांगलीकराचं रेसिडेन्स परमिटचं कार्ड नोव्हेंबरात संपलं. अर्ज त्याने सप्टेंबरातच ऑनलाइन केला होता. 'आपला अर्ज मिळाला' असं यंत्राने पाठवलेलं एक मेल आलं, मग चिडीचूप. भेटीची वेळ मिळालीय फेब्रुवारीतली. प्रत्यक्ष गेला तर सुरक्षारक्षकाने दारातूनच परत पाठवलं. आज त्याच्याकडे पासपोर्ट, मुदत संपलेलं कार्ड आणि त्या मेलची छापील प्रत, एवढंच आहे.

असा माणूस प्रागला जाऊन परत येऊ शकतो का? आणि नसेल येऊ शकत, तर बाकीच्या सात जणांनी काय करावं? गटात मतं घेतली. पाच जण म्हणाले जाऊ या, दोन म्हणाले नको. सांगलीकराने मत दिलं नाही. तोंडाने तो 'जावा की रे' असंच म्हणतोय, पण ते म्हणून झालं की उठून भांडी घासायला जातो.

---

सातासमुद्रापार | ३ डिसेंबर, सकाळी ७:१५

म्युनिकमध्ये नववं वर्ष, या कागदांत केस पांढरे झालेत, म्हणून सविस्तर लिहिते.

मित्राला आधी सांगा की तो बेकायदा नाही. मुदत संपायच्या आत अर्ज केला असेल तर निर्णय होईपर्यंत जुनं परमिट चालू आहे असं कायदाच मानतो. अडचण फक्त ते सिद्ध करायची आहे. त्यासाठी एक घडीचा कागद मिळतो, नाव उच्चारताना दात पडतील असं: फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग. सगळे 'फिक्शन' म्हणतात. त्याच्या तिसऱ्या पानावर तीन चौकोन असतात. तिसऱ्या चौकोनावर फुली असेल, म्हणजे 'परमिट चालू असल्याचे मानले जाते', तर तो कागद, मुदत संपलेलं मूळ कार्ड आणि पासपोर्ट अशा तिन्ही गोष्टी घेऊन देशाबाहेर जाऊन परत येता येतं. पहिल्या किंवा दुसऱ्या चौकोनावर फुली असेल तर तो कागद परत यायला चालत नाही. बरेच जण फिक्शन हातात आलं की नाचत सुटतात, तिसरं पान उघडूनच बघत नाहीत.

तुमच्या मित्राकडे तर फिक्शनही नाही. मेलची छापील प्रत घेऊन सीमा ओलांडू नये. 'शेंगेनमध्ये (युरोपातल्या आपसांत सीमा खुल्या ठेवणाऱ्या देशांत) कोण बघतंय' असं कुणी सांगेल, त्याचं ऐकू नका. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीच्या सगळ्याच जमिनीवरच्या सीमांवर तपासणी चालू आहे, आणि ऑस्ट्रियाच्या बाजूला तर २०१५ पासून. पोलीस रेल्वेत, बसमध्ये चढतात. आठ भारतीय विद्यार्थी एका बसमध्ये म्हटल्यावर कागद बघणारच.

कार्यालयाला रोज एक मेल टाकत राहा, 'प्रवासासाठी फिक्शन हवं' असं एका ओळीत लिहून. कधीकधी पोस्टाने येतं. पण त्या भरवशावर तिकीट काढू नका.

---

उंटावरचा_शहाणा | ३ डिसेंबर, सकाळी ९:०२

कठोर वाटेल, पण एकाच्या कागदापायी सात जणांनी घरी बसायचं का? तो लहान बाळ नाही. तुम्ही जा, त्याला फोटो पाठवा, मार्चमध्ये त्याच्याबरोबर वेगळी ट्रिप काढा. ब्लॉक खात्यातून (व्हिसासाठी आधीच पैसे अडकवून ठेवतो त्या) महिन्याला ९९२ युरो सुटतात, त्यातून वाचवून काढलेली तिकिटं आहेत ना ती? ती फाडायची म्हणजे काय?

---

पावट्याची_उसळ | ३ डिसेंबर, सकाळी ९:३०

'त्याला फोटो पाठवा'. शहाण्या, तू उंटावरून खाली उतर रे. (दिवे घ्या, म्हणजे गमतीत घ्या.)

---

मेतकूट_भात | ३ डिसेंबर, दुपारी १:२०

मी तो सांगलीकर होते. २०२२ च्या डिसेंबरात, नेदरलँड्समध्ये. माझ्या बाबतीत अडचण कागदांची नव्हती, पैशांची होती, म्हणजे पैसेच नव्हते. सहा मैत्रिणी निघाल्या, मी म्हणाले, 'जा गं, मला प्रोजेक्ट आहे.' कसला प्रोजेक्ट, डोंबलाचा.

हॉस्टेलच्या आमच्या मजल्यावर सोळा खोल्या. २३ तारखेला संध्याकाळी सगळं रिकामं. पॅसेजमधले दिवे माणूस हलला की लागणारे होते. एरवी ते सतत चालू, कारण कुणी ना कुणी येत-जात असायचं. त्या दहा दिवसांत मी दार उघडलं की माझ्या डोक्यावरचा एकच दिवा लागायचा आणि स्वयंपाकघरापर्यंत एकेक करत पुढे लागत जायचा. परत येईपर्यंत मागचे विझलेले. २५ ला दुकानं बंद आहेत हे मला माहीत नव्हतं. तांदूळ होता, मेतकूट होतं. या आयडीचा जन्म तिथला.

मैत्रिणींवर राग नव्हता, आजही नाही. पण त्या परत आल्यावर सहा महिने प्रत्येक गप्पेत 'आठवतं का, ब्रुजला...' सुरू व्हायचं आणि मी ताट उचलायला उठायची. तुमचा मित्र भांडी घासायला जातो ते वाचलं आणि जेवणाच्या सुट्टीत ऑफिसमधून लॉगिन केलं.

जा म्हणणाऱ्याला जायचं असतं, वाटचुक्या.

---

जुना_जोगी | ३ डिसेंबर, संध्याकाळी ६:४५

मी १९९३ मध्ये स्टुटगार्टला शिकायला होतो. तेव्हा ऑस्ट्रियाला वेगळा व्हिसा, फ्रान्सला वेगळा, स्वित्झर्लंडला वेगळा. मार्क, शिलिंग, फ्रँक अशा पैशांच्या तीन पुरचुंड्या. शेंगेन लागू झालं मार्च १९९५ मध्ये, ऑस्ट्रिया त्यात प्रत्यक्ष आला १९९७ च्या शेवटी. त्यामुळे आमचा शिरस्ता एकच: ज्याचा व्हिसा सगळ्यात कच्चा, त्याच्या व्हिशावर सहल ठरवायची. ट्रेकला जसं सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे घालतात, तसं. हरिश्चंद्रगडाला नळीच्या वाटेने नेणारा लीडरही तेच करतो.

जर्मनी काय लहान देश आहे? तुमच्याकडे सेमिस्टर तिकीट (विद्यार्थ्यांचा प्रवासाचा पास) असेल. आमच्या वेळी असं काही असतं तर मी डिग्री पूर्णच केली नसती.

आणखी एक. आठ जण म्हणजे एक गट नव्हे, दोन गट. आठ जण एका दारातून गाडीत चढू शकत नाहीत. आधीच चार-चार पाडा, आणि प्रत्येक चौकडीकडे घराचा पत्ता, चावीचा कोड, बुकिंगची प्रत, थोडे रोख पैसे असं सगळं वेगवेगळं ठेवा. चुकामूक होणारच हे धरून चाला.

---

वाटचुक्या | ३ डिसेंबर, रात्री १०:१०

मेतकूट_भात ताई, तुमचा प्रतिसाद गटात मोठ्याने वाचून दाखवला (सांगलीकर लायब्ररीत होता). कोट्टायमकराला त्यातलं निम्मं कळलं, तरी पहिल्यांदा तोच म्हणाला, 'प्राग कॅन्सल.'

जोगीकाका, +१ (म्हणजे सहमत). चार-चारचा नियम लक्षात ठेवतो.

---

वाटचुक्या | ७ डिसेंबर, दुपारी ४:३०

अपडेट. सगळं गोड झालेलं नाही. दोघं प्रागलाच जातायत. त्यांची बाजूही खरी आहे: एक जण आठवड्याला वीस तास गोदामात खोकी उचलून पैसे साठवतोय आणि त्याचं फेब्रुवारीत थीसिस सुरू होतंय, पुन्हा सुट्टी नाही. थोडं तोंडातोंडी झालं, मग मिटलं. उरलो सहा. तीन-तीन.

सांगलीकराला सांगितलं की थंडी फार आहे, प्रागला नको, बायर्नला (म्हणजे बव्हेरियाला) जाऊ. तो म्हणाला, 'बायर्नला उन्हाळा हाय का मग?' म्हणजे त्याला सगळं कळलंय. पण त्या दिवशी भांडी तशीच पडली होती.

सेमिस्टर तिकीट या सेमिस्टरला महिन्याला ३४.८० युरोचं, देशभर चालतं, फक्त रिजनल गाड्यांत (लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांत नाही). ठिकाण ठरलंय बेर्खटेसगाडन: जर्मनीचा तो खालचा कोपरा, जो ऑस्ट्रियाच्या पोटात घुसलाय. स्वयंपाकघर असलेलं सुट्टीचं घर मिळालं. भाड्यावर शेवटच्या साफसफाईचे वेगळे पैसे लावतात हे बुकिंगच्या शेवटच्या पानावर कळलं. आमची खजिनदारीण अजून त्याच दुःखात आहे.

जाणकारांनी भर घालावी.

---

सातासमुद्रापार | ७ डिसेंबर, रात्री ८:००

उत्तम ठिकाण. आता नीट ऐक, कारण तुम्ही सीमेच्या काठावर खेळताय.

म्युनिकहून जाणारी गाडी शेवटी साल्झबर्गला जाते. तुम्हाला उतरायचंय त्याच्या आधी, सीमेच्या अलीकडे, फ्रायलासिंगला. तिकडून बेर्खटेसगाडनची छोटी गाडी मिळते, पाऊण-एक तास. आता गंमत अशी की तुमचं तिकीट साल्झबर्ग स्टेशनपर्यंत चालतं. म्हणजे डुलकी लागली तर तिकीट तपासनीस उठवणार नाही. गाडी झालाख नदी ओलांडेल आणि तुमचा सांगलीकर काहीही न करता ऑस्ट्रियात. परतीच्या गाडीत पोलीस. तेव्हा त्याला झोपू देऊ नका. बेर्खटेसगाडनहून साल्झबर्गला थेट बसही जाते. फलक वाचल्याशिवाय बसमध्ये चढायचं नाही.

दुसरी गोष्ट पोटाची. २५ गुरुवार, २६ शुक्रवार, दोन्ही दिवस सगळं बंद. २७ शनिवार, दुकानं उघडी. २८ रविवार, पुन्हा बंद. आणि तुमच्या राज्यात दुकानं रात्री दहापर्यंत असतील, बायर्नमध्ये आठ म्हणजे आठ. आठला पाच मिनिटं कमी असताना आत शिरलात तर काउंटरवरची बाई तुमच्याकडे अशी बघेल की पुन्हा जाणार नाही. दिवसभर प्रवास करून पोचायला उशीर झाला तर थेट सोमवारी जेवाल. म्युनिक स्टेशनातली दुकानं उशिरापर्यंत असतात, गाडी बदलताना तिथेच किराणा घ्या.

घरातून नऊ-दहा तास धरा. रिजनल गाड्यांनी जाताना सहा मिनिटांची जोडगाडी कागदावर छान दिसते. तीवर विसंबू नका, मधे एकेक तास सोडा.

---

कागदी_होडी | ८ डिसेंबर, सकाळी १०:४०

क्योनिगझे तळ्यात बोट घ्याच. १९०९ पासून तिथे विजेवर चालणाऱ्या बोटी आहेत, धूर नाही, आवाज नाही. मधेच नावाडी बोट थांबवतो, कड्याकडे तोंड करून वाद्य फुंकतो आणि प्रतिध्वनी येतो. मग टोपी फिरवतो. नाणी तयार ठेवा, 'दोन्ही वेळा मलाच वाजवायला लागलं' असं गमतीने सांगतो. हिवाळ्यात बोट सेंट बार्थोलोमेच्या लाल घुमटांच्या चर्चपर्यंतच जाते, पुढे नाही, आणि तळं गोठलं तर बंद. हिटलरचं ते डोंगरमाथ्यावरचं घर, केलश्टाइनहाउस, हिवाळ्यात बंद असतं, त्यासाठी तंगडतोड करू नका. ओबरझाल्झबर्गचं नाझी काळावरचं माहितीकेंद्र बघा, अर्धा दिवस द्या. मिठाची खाण १५१७ पासून चालू आहे, आत लाकडी घसरगुंडीवरून खाली जातात. पाऊस-बर्फ पडला तर त्या दिवसासाठी राखून ठेवा.

सूर्य साडेचारच्या आत मावळतो. 'दुपारी निघू' म्हणजे अंधारात परत.

---

उंटावरचा_शहाणा | ८ डिसेंबर, दुपारी १२:१५

सहा जण आहात तर भाड्याची गाडी का नाही घेत?

---

सातासमुद्रापार | ८ डिसेंबर, दुपारी १२:५०

कारण भारतीय लायसन्स जर्मनीत राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतं. तिसऱ्या सेमिस्टरला त्याचा उपयोग पाकिटाची जाडी वाढवण्यापुरता. शिवाय २५ च्या खालच्या चालकाला वेगळे पैसे, आणि बर्फात हिवाळी टायर हवेत.

---

चहाटळ | ९ डिसेंबर, सकाळी ८:१०

थोडं अवांतर. मार्चमध्ये दोन परीक्षांच्या मधल्या सुट्टीत आम्ही तिघी इंटररेल (युरोपभर चालणारा रेल्वेचा पास) काढतोय. भारतीय पासपोर्टवर युरेलच (युरोपाबाहेरच्यांसाठीचा तसाच पास) घ्यावा लागतो ना?

---

सातासमुद्रापार | ९ डिसेंबर, सकाळी ८:३५

नाही. पासपोर्ट कुठला ते बघत नाहीत, राहता कुठे ते बघतात. युरोपात राहत असाल तर इंटररेल. २७ वर्षांपर्यंत तरुणांचा दर. पण राहत्या देशात तो पास जाता-येतानाच्या प्रवासापुरताच चालतो, आणि फ्रान्स-इटलीतल्या वेगवान गाड्यांना जागेचं आरक्षण वेगळं पैसे देऊन करावं लागतं. स्वित्झर्लंड करणार असाल तर विमा बघा: तुमच्या आरोग्यविमा कार्डाच्या मागची युरोपीय बाजू आपल्यासारख्या बिगर-युरोपीय नागरिकांना स्वित्झर्लंड आणि डेन्मार्कमध्ये चालत नाही. तिथे पाय मुरगळला तर खिशातून.

---

नाशिककर_काकू | ९ डिसेंबर, रात्री ९:२०

माझी मुलगी ड्रेस्डेनला आहे, म्हणून हे सगळं वाचत असते. वाटचुक्या बाळा, सामानात थालिपिठाची भाजणी घे. एक किलो. तिखट-मीठ आधीच मिसळून. चकली-चिवडा पहिल्या स्टेशनातच संपतो, भाजणी शेवटच्या दिवशीही उभी असते. गरम पाण्यात भिजवली की दहा मिनिटांत जेवण.

---

वाटचुक्या | ९ डिसेंबर, रात्री ९:५०

काकू, धन्यवाद, पण आम्ही पास्ता वगैरे करणार आहोत. :)

---

नाशिककर_काकू | ९ डिसेंबर, रात्री ९:५५

बरं.

---

वाटचुक्या | २७ डिसेंबर, सकाळी ६:२०

निघालो! उणे चार. सहाही जण वेळेवर, हा चमत्कार आहे. खजिनदारीण भाजणीची पिशवी घेऊन आलीय, तिच्या आईने नोव्हेंबरात पाठवलेली. काकू, तुमचा यात हात आहे का?

---

वाटचुक्या | २७ डिसेंबर, सकाळी ७:०५

पहिलीच गाडी रद्द. असो.

---

पावट्याची_उसळ | २७ डिसेंबर, दुपारी २:४०

काय झालं? कुठे पोचलात? धागा वर काढतोय.

---

सातासमुद्रापार | २७ डिसेंबर, संध्याकाळी ७:३०

वाटचुक्या, बेर्खटेसगाडनमध्ये आता अर्ध्या तासात दुकानं बंद होतील. किराणा घेतलात का म्युनिकला?

---

वाटचुक्या | २८ डिसेंबर, सकाळी ११:१५

जिवंत आहोत. सविस्तर लिहितो. बाहेर बर्फ पडतोय, आणि माझ्याकडून एक कबुलीजबाब येणं आहे.

फ्रँकफुर्टला पोचायलाच दीड तास उशीर. व्युर्झबुर्गपर्यंत उभ्याने. न्यूर्नबर्गला खजिनदारीण म्हणाली, ब्रेत्सेल (वेटोळ्याचा खारा पाव) घेऊन येते, चार मिनिटं आहेत. मी आणि तिची मैत्रीण तिच्याबरोबर गेलो. वर आलो तेव्हा दारं बंद होऊन गाडी हलत होती आणि काचेतून सांगलीकर, नगरकर आणि कोट्टायमकर हात हलवत होते. तीन-तीन. जोगीकाका, अगदी तुमच्या हिशोबाने.

फक्त एक गोष्ट. तुमचा नियम मी वाचला, +१ दिला, आणि पाळला नाही. घराच्या चावीच्या पेटीचा कोड माझ्या मेलवर. किराण्याची यादी माझ्या फोनवर. सकाळपासून गाड्यांचे उशीर बघून-बघून म्युनिकला फोन बंद पडला. तिकीटही फोनमध्येच! तपासनीस आलाच असता तर साठ युरो दंड, नंतर तिकीट दाखवून तो सात युरोंवर येतो खरा, पण ते मैत्रिणीच्या फोनवरून वाचून काढलं, त्या अवस्थेत. तिच्या फोनवरून माझं मेल उघडायला गेलो तर खात्री करायचा आकडा माझ्याच बंद फोनवर जातोय.

तिकडे पुढचे तिघं. नगरकर आणि कोट्टायमकर गाढ झोपलेले. सांगलीकर ट्राउनश्टाइनपासूनच पाठीला सॅक लावून दाराशी उभा. फ्रायलासिंगला अजून बराच वेळ होता. कंडक्टर बाईने विचारलं, विमानतळावर जायचंय का? याने सांगितलं, नाही, ऑस्ट्रियात जायचं नाहीये. ती हसली नाही म्हणे.

उतरल्यावर छोट्या गाडीला वेळ होता, म्हणून तो प्लॅटफॉर्मच्या टोकापर्यंत चालत गेला. 'सरळ रूळ जातोय, पलीकडं साल्झबर्गचे दिवे. सात किलोमीटर. आमच्याकडनं मिरज जास्त लांब पडतंय.' एवढंच म्हणाला मला.

तर ते तिघं सातच्या आत बेर्खटेसगाडनला. घराबाहेर उणे सहा, पेटीला कोड नाही. पण दुकान उघडं! यादी नसताना तीन मुलगे दुकानात गेले की काय होतं ते सांगतो: साडेतीन किलो बटाटे, दोन पाव, आठ दह्यांची एक पेटी आणि बदकाच्या आकाराचं मेणबत्तीचं स्टँड. कांदा नाही. तेल नाही. दह्याचं विचाराल तर व्हॅनिलाचं.

आम्ही पोचलो साडेआठला. सांगलीकराच्या पॉवरबँकवर माझा फोन उठला, कोड मिळाला, आणि पेटीचे आकडे गोठलेले. फिरेनात. सहा जण आळीपाळीने त्या पेटीवर हा-हा करून फुंकतोय, शेजारच्या आजीबाई पडद्याआडून बघतायत. शेवटी कोट्टायमकराने हातमोजा काढून तळहात दोन मिनिटं धरून ठेवला, तेव्हा तिसरा आकडा सुटला.

जेवण: थालीपीठ. तेलाऐवजी घरात आधीच्या पाहुण्यांनी ठेवलेलं लोणी. सोबत उकडलेला बटाटा. काकू, पास्त्याबद्दल मी काही बोललो असेन तर मागे घेतो. आज रविवार, दुपारी पुन्हा तेच आहे.

---

नाशिककर_काकू | २८ डिसेंबर, दुपारी १२:००

लोण्यात जास्त खमंग लागतं. उद्या कांदा घे.

---

जुना_जोगी | २८ डिसेंबर, दुपारी ३:३०

+१ देणं आणि पाळणं यात न्यूर्नबर्ग-म्युनिक इतकं अंतर असतं. मजा करा.

---

मेतकूट_भात | २८ डिसेंबर, संध्याकाळी ५:१०

बदकाचा फोटो टाका. आणि सांगलीकराला सांगा, त्याने एक आयडी काढावा इथे.

---

चहाटळ | २९ डिसेंबर, सकाळी ९:००

प्रागवाल्या दोघांचं काय झालं?

---

वाटचुक्या | २९ डिसेंबर, रात्री १०:३०

मजेत आहेत. जर्मनीतले बहुतेक ख्रिसमस बाजार २४ च्या आत गुंडाळतात, निघताना आमच्या गावातही उरलेसुरले खांबच दिसले. प्रागचा ६ जानेवारीपर्यंत चालतो. त्यामुळे त्यांचे फोटो झगमगाटाचे आणि आमचे बटाट्याचे. रोज रात्री व्हिडिओ कॉल होतो. गोदामवाला काल म्हणाला की तुमच्यात यायला पाहिजे होतं. आम्ही म्हणालो, तुझ्यात यायला पाहिजे होतं. दोन्ही थोडं-थोडं खरं असावं.

आज तळ्यात बोट मिळाली. नावाड्याने वाद्य वाजवलं, कड्याने उत्तर दिलं, टोपी फिरली. सांगलीकराने दोन युरो टाकले आणि माझ्याकडे बघून म्हणाला, 'एक माझा, एक तुझा. हिशोबात लिव्ह.' खजिनदारीण लिहीत होतीच.

---

झालाखकाठचा_सांगलीकर | ४ जानेवारी २०२६, रात्री ११:५५

नमस्कार. मेतकूट_भात ताईंनी बोलावलं म्हणून आलो. बदक माझ्या टेबलावर आहे, फोटो टाकायला जमलं की टाकतो.

मत का दिलं नाही असं इथं कुणी विचारलं नाही, बरं केलं.

आज परत आल्यावर पत्रपेटीत कार्यालयाचं पाकीट होतं, तारीख २२ डिसेंबरची. जिन्यातच फोडलं. बाकीचे पाचही जण डोक्यावर वाकून बघत होते, त्यामुळं मलाच दिसेना. फिक्शन नाही. घरभाड्याचा करार पाठवा म्हणतायत, चौदा दिवसांच्या आत. तो मी सप्टेंबरातच अर्जाबरोबर जोडला होता, पोचही आहे. चौदा दिवस २२ पासून धरायचे की आज मिळालं तिथून? आणि तोच जुना करार पुन्हा पाठवायचा की घरमालकाकडून आजच्या तारखेचा सहीचा घ्यायचा? इथंच विचारतोय, वेगळा धागा काढायचा असेल तर तसं सांगा.